अंगावरचं दूध, बाबांची क्रोमची टाकी आणि 'फॉरेव्हर केमिकल्स': शरीरात नेमकं काय साठतं?

रानजाई (ऐरोली) | सोमवार, रात्री ११:४०

लेक आत्ताच झोपली आहे, तेवढ्यात लिहून घेते. साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत पाण्याचं मशीन विकणारा एक जण आला होता. पेल्यात टीडीएस मीटर बुडवून दाखवला, आकडा शंभराच्या आतच होता. मग म्हणाला, "ताई, हे दिसतंय ते काहीच नाही. पाण्यात फॉरेव्हर केमिकल्स असतात, ती अंगात जातात आणि बाहेर येतच नाहीत. आईच्या दुधातून बाळाला जातात." बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याला दाराबाहेर काढलं, पण शब्द घरातच राहिले.

तेव्हापासून रात्री वाचत बसते. पीफास म्हणतात त्यांना. कार्बनच्या साखळीला फ्लोरीन घट्ट चिकटलेली, पाणी आणि तेल दोन्ही झटकून टाकणारी, हजारो प्रकारची रसायनं. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतली वाफ दाबायला यातलंच एक वापरायचे. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्लेटिंग कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्रोमच्या टाकीवर होते. २०१० साली निवृत्त झाले. कोलेस्टेरॉल पंचेचाळिशीपासून वाढलेलं. तेव्हा आम्ही किसननगरला राहायचो. बाबा घरी आले की हातपाय धुवायच्या आधीच मला उचलून घ्यायचे, मला तो वास अजून आठवतो.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. साठतं म्हणजे कुठे साठतं? चरबीत? हाडांत? खरंच कधीच बाहेर पडत नाही का? बाबांच्या कपड्यांवरून माझ्यात आलं असेल का? आणि जो प्रश्न विचारताना हात थरथरतोय तो हा: दूध बंद करू का?

सुगरण_नौपाडा | सोमवार, रात्री ११:५२

दूध बंद करू नकोस बाई. आधी एवढंच. बाकीचं जाणकार सांगतील, तोवर झोप काढ.

पाणपोई (कोपरखैरणे) | मंगळवार, सकाळी ७:१५

रानजाई, मी टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासतो, वीस वर्षं झाली. आधी टीडीएसचं सांगतो, कारण त्या मीटरने आपल्याकडची कितीतरी घरं उगाच घाबरवली आहेत. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. लिटरला मिलिग्रॅममध्ये. पीफास मोजतात लिटरला नॅनोग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे दहा लाख नॅनोग्रॅम होतात. त्यामुळे त्या मीटरला पीफास दिसणं शक्यच नाही. तुमच्या घरात त्याने जे दाखवलं आणि जे सांगितलं त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रमाण डोळ्यांसमोर यावं म्हणून एक हिशेब. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपलं नवी मुंबईचं मोरबे धरण काठोकाठ भरलं की सुमारे १९० दशलक्ष घनमीटर पाणी होतं. एवढ्या सगळ्या पाण्यात जेमतेम पाऊण किलो मिसळलं तरी ती मर्यादा गाठली जाते. पाऊण किलो! पावसाळ्यात मोरबे भरलं की आपण सगळे आनंदाने फोटो टाकतो, तेव्हा माझ्या डोक्यात हा आकडा असतो.

युरोपने वीस पीफास मिळून लिटरला १०० नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठेवली आहे. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मात्र पीफासचा रकानाच नाही. रकाना नसला की रोजच्या तपासणीत ते कोण मोजणार?

घरातलं सांगायचं तर उकळून पीफास जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते तिथेच राहतं. यूव्ही दिव्याचाही उपयोग नाही. आरओच्या पडद्यातून बहुतेक सगळं अडतं. कोळशाची कांडीही लांब साखळीची रसायनं बऱ्यापैकी धरते, पण वेळेवर बदलली तरच. आखूड साखळीची त्यातून लवकर निसटतात.

मधली_आळी (ठाणे) | मंगळवार, सकाळी ९:०५

फ्लोरीन म्हणजे टूथपेस्टमधलं फ्लोराईडच ना? माझे मामा यवतमाळकडचे. तिकडे बोअरच्या पाण्याने लोकांचे दात पिवळे आणि गुडघे वाकडे झालेले मी पाहिलेत. हे तेच का?

निशिगंध (ठाणे, एमडी मेडिसिन) | मंगळवार, दुपारी २:३०

ओपीडी आटोपली, आता नीट लिहिते.

मधली_आळी, प्रश्न चांगला आहे. ते वेगळं आणि हे वेगळं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे जमिनीतल्या खडकांमधून सुटं फ्लोराईड पाण्यात उतरतं आणि ते हाडा-दातांत बसतं. पीफासमधला फ्लोरीन सुटा नसतो, तो कार्बनला बांधलेला असतो आणि ही गाठ सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात मजबूत गाठींपैकी एक आहे. माणसाच्या रक्तात हे दोन वेगळे प्रकार असतात हे डोनाल्ड टेव्ह्ज यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं. बांधलेला फ्लोरीन रक्तात आला कुठून, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आणखी एक, म्हणजे कोणी औषधं फेकून देऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये फ्लोरीन आहे, कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिनमध्येही आहे. ती वर्षानुवर्षं अंगात साठत नाहीत. फ्लोरीन असणं हा दोष नाही, साखळीची जडणघडण महत्त्वाची.

आता रानजाईचा प्रश्न. डीडीटीसारखी रसायनं चरबीत साठतात. पीफासचं तसं नाही, ती प्रथिनांना धरतात. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात आणि यकृतात व मूत्रपिंडात जास्त सापडतात. वजन कमी करून ती निघणार नाहीत ती यामुळेच. मूत्रपिंड त्यांना गाळून बाहेर टाकायला जातं, पण त्याच नलिकांतले वाहक त्यांना ओढून परत रक्तात घेतात. दारापर्यंत पोचवलेला पाहुणा पुन्हा घरात येऊन बसावा तसं. गंमत म्हणजे मादी उंदराच्या अंगातून पीएफओए काही तासांत निम्मं होतं. माणसात त्यालाच साधारण अडीच ते साडेतीन वर्षं लागतात. पीएफओएसला सुमारे पाच वर्षं आणि त्याच घराण्यातल्या पीएफएचएक्सएसला त्याहूनही जास्त.

म्हणजे 'कधीच बाहेर पडत नाही' हे खरं नाही. पण रोज थोडं येत राहिलं आणि बाहेर पडायला वर्षं लागली, तर पातळी चढत जाते. पिण्याच्या पाण्यात जेवढं पीएफओए असेल त्याच्या शंभरपट किंवा जास्त ते रक्तात भेटतं.

दुधाबद्दल संध्याकाळी लिहिते, ते घाईत लिहायचं नाही. पण सुगरणताईंनी दिलेलं उत्तर बरोबर आहे. बंद करायचं नाही. आणि बाबांना विचारून ठेव, टाकीत काय घालायचे आणि कसं.

सुगरण_नौपाडा | मंगळवार, दुपारी ३:१०

मग माझ्या नॉनस्टिक कढयांचं काय? सासूबाईंनी हा धागा वाचला तर रुखवतातला अख्खा सेट संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याकडे जाईल. त्या आधीपासूनच म्हणतात, बिडाच्या तव्यावरच्या घावनाची सर कशाला नाही.

पाणपोई | मंगळवार, दुपारी ३:४०

घावनाच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत! कढईचं सांगतो. तिच्यावरचा थर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. रॉय प्लंकेट यांना तो ६ एप्रिल १९३८ रोजी अपघाताने सापडला, वायूचा सिलिंडर रिकामा वाटला म्हणून कापून पाहिला तर आत पांढरी पूड. या थराचे रेणू इतके मोठे असतात की चुकून कपचा पोटात गेला तरी आतड्यातून रक्तात शिरत नाही, तसाच बाहेर पडतो. खरा त्रास तो थर तयार करताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओएचा होता. म्हणजे कारखान्याच्या भोवतालच्या पाण्याचा आणि तिथल्या कामगारांचा.

घरी एकच पाळा, रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे थर खराब व्हायला लागतो. अजून तापला की निघणाऱ्या धुराने माणसाला तापासारखी कणकण येते आणि पिंजऱ्यातले पक्षी तर दगावतात. ज्यांच्या स्वयंपाकघरात पोपट किंवा लव्हबर्ड्स आहेत त्यांनी हे मनावर घ्याच.

कढईपेक्षा तेल न झिरपणारे कागदी डबे, मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पिशव्या, डाग न धरणारं सोफ्याचं कापड, पाणी न धरणारी जॅकेटं यांकडे जास्त लक्ष द्या. डेन्मार्कने जुलै २०२० पासून खाण्याच्या कागदी वेष्टनांत पीफासला बंदी घातली आहे.

रोखठोक_ठाणेकर | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

माफ करा, पण मला हे सगळं पटत नाही. बाहेरच्या देशांची भीती आपण जशीच्या तशी आयात करतोय. २००४ साली नऊ देशांतल्या लोकांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली होती. पीएफओएस अमेरिका आणि पोलंडमध्ये मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर होतं, भारतातल्या नमुन्यांत ३ च्या खाली, सगळ्या देशांत सर्वांत कमी. घोडबंदर रोडची धूळ, नाल्यांचं सांडपाणी, डेंगी हे आपले प्रश्न. एका बाळंतिणीची झोप उडवून आपण काय मिळवलं?

निशिगंध | मंगळवार, रात्री ८:४५

रोखठोक, बाळंतिणीची झोप उडू नये हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. झोप उडवली ती त्या विक्रेत्याने. आणि तुमचा २००४ चा आकडाही बरोबर आहे.

पण त्याचा अर्थ वेगळा लागतो. तिकडचं रक्त तेव्हा भरलेलं होतं कारण त्यांनी पन्नास वर्षं ही रसायनं वापरली होती. अमेरिकेतला मुख्य उत्पादक २००० सालापासून पीएफओएसमधून बाहेर पडायला लागला आणि त्यानंतर तिथल्या सामान्य लोकांच्या रक्तातलं पीएफओएस ८५ टक्क्यांहून जास्त घटलं. नळ बंद केला की भांडं हळूहळू रिकामं होतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. आपलं भांडं तेव्हा रिकामं होतं. ते रिकामं ठेवायची संधी आपल्या हातात होती आणि आहे.

यातून आजार होतात हेही नुसत्या उंदरांवरून ठरलेलं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मेल्या. १९९८ साली तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला. पीएफओए वापरणाऱ्या कारखान्याविरुद्धच्या त्या लढ्यातून पुढे सुमारे ६९ हजार लोकांची माहिती आणि रक्त गोळा झालं. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांनी ते तपासलं आणि २०१२ पर्यंत सहा आजारांशी पीएफओएचा संबंध संभवतो असं सांगितलं: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, थायरॉईडचे आजार, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०२३ च्या अखेरीस आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं.

दाभोळखाडी (कळवा, मूळ तालुका खेड) | मंगळवार, रात्री ९:३०

रोखठोकसाहेब, आयात फक्त भीतीची होत नाही, यंत्रांचीही होते.

इटलीत व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. त्याच्यामुळे आसपासचं भूजल बिघडल्याचं २०१३ साली उघड झालं, २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री भारतीय मालकांनी विकत घेऊन आमच्या खेड तालुक्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आणली. बातमी वाचली तेव्हा मी ठाणे स्टेशनवर उभा होतो आणि दोन गाड्या सोडल्या, कारण पाय हलेनात. लोट्यापासून आमचं घर लांब नाही. आईचं पाणी विहिरीचं. वासिष्ठीत मी पोहायला शिकलो.

इथे कोणी काही बिघडवलं असा माझा आरोप नाही. मागणी एवढीच की आत्ताच, चालू दिवसांत, पाणी मोजून ठेवा. इटलीत लोकांना कळलं तोवर त्यांच्या पोरांच्या रक्तात ते उतरलं होतं. तिथल्या आयांनी 'मामे नो पीफास' नावाचा गट काढला, मुलांच्या रक्ताचे आकडे सदऱ्यांवर लिहून त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. रानजाई, तुमची पहिली पोस्ट वाचताना मला त्या बायाच आठवल्या.

रोखठोक_ठाणेकर | मंगळवार, रात्री १०:०५

लोट्याचं मला माहीत नव्हतं. मोजून ठेवा या मागणीला माझा पाठिंबा आहे. घाबरवण्याला विरोध कायम.

बंबवाला (रबाळे) | मंगळवार, रात्री १०:५०

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्यांच्या टाक्यांवर आयुष्य गेलं, म्हणून फोमबद्दल चार शब्द.

२९ जुलै १९६७ ला फॉरेस्टल या अमेरिकन विमानवाहू जहाजावर आग लागली, १३४ जण गेले. त्यानंतर एएफएफएफ फोमचा वापर जगभर वाढला. पेट्रोलच्या पृष्ठभागावर त्याचा पातळ पापुद्रा पसरतो, हवा तुटते, आग बसते. डोळ्यांनी पाहिलंय, जादू वाटते. त्या जादूत पीफास आहे हे आम्हाला नोकरीत कोणी सांगितलं नाही. कवायतीला फोम मारायचा, गुडघाभर फेसात पोरं हसायची, शेवटी होजने सगळं धुऊन गटारात. आता बिनफ्लोरीनचा फोम मिळतो. माझं तळमळीचं सांगणं आहे की निदान कवायतीला तरी जुना फोम वापरू नका, आग लागली तर गोष्ट वेगळी.

एक आशेची बातमी देतो. ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशामकांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मा दिला, काहींनी दर बारा आठवड्यांनी रक्त, काहींनी काहीच नाही. देणाऱ्यांच्या अंगातलं पीफास कमी झालं, प्लाझ्मा देणाऱ्यांचं जास्त.

मधली_आळी | मंगळवार, रात्री ११:००

म्हणजे बायकांचं आपोआप कमी होत असणार?

निशिगंध | मंगळवार, रात्री ११:१०

अगदी बरोबर ओळखलंस. मासिक पाळी, बाळंतपण, स्तनपान या सगळ्यांतून ते बाहेर पडतं, म्हणून त्या वयातल्या स्त्रियांची पातळी पुरुषांपेक्षा कमी सापडते. आणि इथेच रानजाईचा प्रश्न येतो. उद्या नक्की.

चिंबोरी (दिवा कोळीवाडा, ऐरोली) | बुधवार, सकाळी ६:३०

आम्ही खाडीवाले. मासळीचं कोणी बोललं नाही म्हणून विचारतो. माझी आजी निवटी आणि चिंबोऱ्या खाऊन नव्वदीला पोचली. पण तिच्या वेळची खाडी वेगळी. पाण्यातलं हे विष मासळीत जातं का?

सोनचाफा२२ (खारघर) | बुधवार, सकाळी ८:००

तळोज्याची निळी कुत्री आठवली का कुणाला? २०१७ च्या ऑगस्टमध्ये कासाडी नदीच्या पाण्यात शिरून निळी झालेली. तेव्हा रंग दिसला म्हणून अख्ख्या देशाने पाहिलं. पीफासला रंग नाही, वास नाही.

पाणपोई | बुधवार, सकाळी ९:२०

सोनचाफा, अगदी. आणि उलटंही ध्यानात ठेवा. नाल्यावर फेस दिसला की ते पीफासच असं नाही, बहुतेक वेळा तो साबणाचा आणि सांडपाण्याचा असतो.

चिंबोरीदादा, जातं. विशेषतः पीएफओएस माशांत साठतं, आणि तेही प्रथिनांत, त्यामुळे चरबी किंवा कातडी काढून उपयोग नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० साली चार पीफास मिळून आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे ४.४ नॅनोग्रॅम ही सुसह्य मर्यादा ठरवली, आणि अंगात येण्याच्या मोठ्या वाटांत मासे, अंडी, फळं मोजली. पण मासे सोडा असं मी म्हणणार नाही. माशांतलं प्रथिन, तेल, आयोडीन कुठून आणणार? खाडीचं पाणी आणि मासळी मोजायला लावा, हे म्हणेन.

रानजाई | बुधवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. काल आईबाबा आले होते. बाळ बाबांच्या छातीवर झोपलं होतं तेव्हा विचारलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण त्यांनी खूप सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"सुरुवातीची वर्षं टाकीवर काही नसायचं. क्रोमची वाफ सरळ तोंडावर. सकाळी रुमालात रक्त यायचं. आमच्यातल्या दोघांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं. मग मालकाने एक पांढरा कॅन आणला. मापाने थोडंसं टाकायचं, टाकीवर फेसाची चादर धरायची आणि वाफ बसायची. आम्ही त्याला 'फेसवालं पाणी'च म्हणायचो. त्याने आमची नाकं वाचवली गं. आता तू म्हणतेस तेच वाईट."

मी विचारलं, टाकी बदलली की पाणी कुठे जायचं? बाबा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "पार्ट धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात. तो नाला खाडीला. तेव्हा कोणाला त्यात काही वाटत नव्हतं, मलाही नाही." आणि मग त्यांनी हळूच बाळाला माझ्याकडे दिलं. मंडळी, ते मला सहन झालं नाही. मी बाळ पुन्हा त्यांच्याकडेच दिलं.

बंबवाला | बुधवार, दुपारी १:५०

पोरी, बाबांना माझा नमस्कार सांग. आम्हीही असंच होजने धुतलं.

निशिगंध | बुधवार, रात्री ९:००

रानजाई, बाबांचं म्हणणं दोन्ही अर्थांनी खरं आहे. सहा संयुजेचा क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग करतो, नाकाचा पडदा फाडतो. तो फेस त्यांना त्यापासून वाचवण्यासाठीच होता, आणि त्या कामाला जगभर पीएफओएसच वापरलं जायचं. त्यांच्या कॅनमध्येही ते होतं असं धरून चालू. टाकीपासून सुटून पंधरा वर्षं झाली. पाच वर्षांत निम्मं या हिशेबाने टाकीवरून आलेलं आता आठव्या हिश्श्यावर आलं असेल. तुझं बाळ त्यांच्या कुशीत निर्धास्त राहू दे, पीफास काही अंगाच्या उबेतून जात नाही. कपड्यांवरून लहानपणी थोडं तुझ्यात आलं असेलही, पण त्यालाही वर्षं लोटली. त्यांचं कोलेस्टेरॉल कशाने वाढलं हे एका माणसापुरतं सिद्ध करता येत नाही, पण उपचार तोच. गोळी सोडू नका. थायरॉईडची टीएसएच, यकृत, मूत्रपिंड वर्षातून एकदा तपासा. मी अशा कामगाराला हेच सांगते.

आता दूध. लपवत नाही. पीफास दुधातून जातं, नाळेतूनही जातं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या मुलांच्या अभ्यासात निव्वळ अंगावर पिण्याच्या प्रत्येक महिन्याला बाळाच्या रक्तातली पातळी २० ते ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथेच २०१२ मध्ये असं दिसलं होतं की पाच वर्षांच्या मुलांत पीफास दुप्पट असलं तर सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशींच्या अँटिबॉडी जवळपास निम्म्याने कमी. पण ती मुलं ज्या घरांतली, तिथे व्हेलचं मांस खातात, आणि पीफास त्यातूनही जातं.

हे सगळं माहीत असूनही, ज्या अमेरिकन वस्त्यांत पाणी खरोखर बिघडलेलं होतं तिथेही आयांना दूध चालू ठेवण्याचाच सल्ला दिला गेला. जुलाब, न्यूमोनिया, कानाचा संसर्ग यांपासून ते दूध जे संरक्षण देतं ते डब्यात मिळत नाही. शिवाय डब्यातली पावडर कशात कालवणार? पाण्यातच ना. बाळ वाढतं तसं अंगातलं प्रमाणही विरळ होत जातं. तू लशी वेळेवर दे, सहा महिने अंगावर पाज, मग वरचं अन्न आणि दूध दोन्ही चालू ठेव. आणि रात्री वाचू नकोस, झोप.

सुगरण_नौपाडा | बुधवार, रात्री ९:२०

डॉक्टर, हे वाचून माझे डोळे भरले. रानजाई, अळीव आणि डिंकाचे लाडू करून पाठवते, पत्ता निरोपात कळव. बिडाच्या तव्याबद्दल सासूबाईंनी आजच जिंकल्याचं जाहीर केलंय.

रानजाई | गुरुवार, पहाटे ५:५०

आत्ताच पाजून उठले. डॉक्टर, काल रात्री सलग चार तास झोपले.

बाबा म्हणाले, पालिकेला पत्र द्यायचं असेल तर पहिली सही माझी. नळाच्या पाण्यात आणि वागळेच्या नाल्याच्या तोंडाशी पीफास मोजा, एवढंच मागायचं. नवी मुंबई आणि ठाणे दोन्हीकडे वेगवेगळं पत्र लागेल ना? आणि आपण स्वतः नमुना काढला तर चालेल का?

पाणपोई | गुरुवार, सकाळी ७:४०

दोन वेगळी पत्रं लागतील. घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात भारताने २००६ पासून भाग घेतला आहे. पीएफओएस त्या यादीत २००९ ला, पीएफओए २०१९ ला, पीएफएचएक्सएस २०२२ ला आलं, हे पत्रात जरूर घाला. वजन पडतं.

नमुना काढता येतो, पण नियम कडक. एलसी-एमएस-एमएस नावाच्या यंत्रावर तपासतात, एवढ्याशा प्रमाणाला हाताचं क्रीमही गोंधळ करतं. बाटली एचडीपीई किंवा पॉलीप्रॉपिलीनची, झाकणाला टेफ्लॉनचा पापुद्रा नको. त्या सकाळी क्रीम, सनस्क्रीन काही लावायचं नाही, पावसाळी जॅकेट घालायचं नाही, जुने सुती धुतलेले कपडे. नळ पाच मिनिटं मोकळा सोडून मग भरायचं. शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत न्यायची आणि तिथे उघडून बंद करायची, म्हणजे आपल्या हातून काही मिसळलं का ते कळतं. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. बाटल्या मी देतो.

दाभोळखाडी | गुरुवार, सकाळी ८:१०

सहा बाटल्या माझ्यासाठी जास्त ठेवा. गणपतीला गावी जातोय, आईच्या विहिरीचं आणि वासिष्ठीचं आणतो.

रोखठोक_ठाणेकर | गुरुवार, सकाळी ८:३०

ठाण्याच्या पत्राचा मसुदा मी करतो. तपासणीच्या खर्चात माझा वाटा धरा.

चिंबोरी | गुरुवार, सकाळी ८:४५

नाल्याच्या तोंडाशी जमिनीवरून जाता येत नाही, चिखल कमरेएवढा आहे. भरतीला होडीतून जावं लागेल. होडी माझी. बाबांना विचारा, नाला कोणता ते दाखवायला येतील का.

रानजाई | गुरुवार, सकाळी ९:३०

विचारलं. येतो म्हणाले. सुती सदरा धुवायला टाकलाय.